जुन्या ट्रॅक्टरचा क्लच एकाएकी निकामी होतो तेव्हा

उन्हाळ्यात पाण्याचा टँकर ओढणारा, मृगाच्या तोंडावर नांगरट आणि पाळ्या उरकणारा व गळीत हंगामात ऊस कारखान्यावर पोहोचविणारा जुना ट्रॅक्टर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आजही सर्रास राबताना दिसतो. वीस-पंचवीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ सेवा दिलेल्या या यंत्रांची घडण मुख्यतः १९६० नंतरच्या दोन दशकांतील आहे. १९६० साली तेव्हाच्या मद्रासमध्ये मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ट्रॅक्टर निर्मितीचा कारखाना स्थापन झाला; १९६३ साली महिंद्र उद्योगसमूहाने मुंबईत इंटरनॅशनल हार्वेस्टरशी सहकार्य केले; १९७४ साली पंजाबात स्वराज ट्रॅक्टर तयार होऊ लागला. पुढे मॉडेल बदलली, अश्वशक्ती वाढली. परंतु इंजिन, क्लचचे घर आणि गिअरबॉक्स एकमेकांस बोल्टांनी जोडून त्यांचाच ट्रॅक्टरचा कणा करावयाचा ही रचना कायम राहिली. क्लच बिघडला म्हणजे नेमकी हीच रचना खर्चाचे कारण ठरते. मोटारीप्रमाणे खालून गिअरबॉक्स उतरवून क्लच काढता येत नाही. ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागतात.

या कामाला कुशल कारागीर, भक्कम आधार आणि साधारणपणे एक-दोन दिवस लागतात. सुटे भाग वेळेवर न मिळाल्यास आठवडाही मोडतो. पेरणीच्या वाफशावर किंवा टँकरच्या फेऱ्या ठरलेल्या असताना हा आठवडा फार महाग पडतो. तरीही ‘क्लच गेला’ एवढ्या एका वाक्यावर ट्रॅक्टर खोलण्यात येतो आणि आतील सर्व भाग धडधाकट निघतात, दोष मात्र बाहेरच्या एखाद्या पिनेत सापडतो, असे प्रसंग दुर्मीळ नाहीत. ग्रामपंचायतींकडे स्वतःचे ट्रॅक्टर आहेत. २०१४-१५ साली सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानातून अनेक ठिकाणी अवजारे बँका उभ्या राहिल्या. त्यांच्या दुरुस्तीची बिले ज्यांच्या सहीने मंजूर होतात, त्या सदस्यांना व अधिकाऱ्यांना हा बिघाड कसा ओळखतात याची तोंडओळख असणे इष्ट आहे.

मुळात एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. झीज एकाएकी होत नाही. क्लच प्लेटचे लायनिंग झिजू लागले, तर चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, नांगर खोल गेला की जळका वास येतो, पेडलाची मोकळी चाल कमी होत जाते. ही लक्षणे महिनोन्‌महिने दिसत असतात. काल सायंकाळपर्यंत ठीक चाललेला क्लच आज सकाळी अजिबात काम देईनासा झाला, तर काहीतरी तुटले आहे, निसटले आहे, अडकले आहे अथवा चिकटले आहे, असेच बहुधा समजावे. यांपैकी काय झाले, हे ट्रॅक्टर न खोलता बऱ्याच अंशी ठरविता येते.

क्लचचे काम

पाटी दोन तळहातांमध्ये घट्ट धरली आणि हात फिरविले, तर पाटीही फिरते. हातांची पकड सैल केली की हात फिरले तरी पाटी जागीच राहते. क्लचचे तत्त्व एवढेच आहे. एक तळहात म्हणजे इंजिनाच्या टोकाला बसविलेले जड फ्लायव्हील, दुसरा तळहात म्हणजे स्प्रिंगांनी दाबलेली प्रेशर प्लेट, आणि मधली पाटी म्हणजे दोन्ही बाजूंना लायनिंग लावलेली क्लच प्लेट. या प्लेटच्या मध्यभागी आतून दातेरी खाचा असलेला तुंबा असतो व तो गिअरबॉक्सच्या शाफ्टावर बसतो. चालकाने पेडल दाबले की बाहेरचा रॉड ओढला जातो, आडवा शाफ्ट फिरतो, त्यावरील फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग तीन लहान तरफांवर टेकते आणि त्या तरफा प्रेशर प्लेटला मागे खेचून पकड सोडवितात. या तरफांना मिस्त्री मंडळी ‘फिंगर’ म्हणतात. पेडलापासून फिंगरपर्यंतची ही साखळी जेथे तुटेल, तेथे क्लच सुटणे थांबेल. आणि फ्लायव्हीलपासून तुंब्यापर्यंतची साखळी जेथे तुटेल, तेथे ट्रॅक्टर चालणे थांबेल. बिघाडाची ही दोन घराणी एकमेकांपासून वेगळी ठेवली की अर्धा गोंधळ तेथेच मिटतो.

बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत दुहेरी क्लच असतो. पेडल अर्धे दाबले की चाकांकडे जाणारी शक्ती तुटते, पूर्ण दाबले की पीटीओची शक्तीही तुटते. मळणीयंत्र अथवा रोटाव्हेटर चालू ठेवून ट्रॅक्टर थांबविता यावा, ही त्यामागील योजना. बिघाड शोधताना हा दुसरा क्लच साक्षीदारासारखा उपयोगी पडतो. त्याचा उल्लेख पुढे येईल.

प्रथम ट्रॅक्टर सुरक्षित करणे

क्लच सुटेनासा झाला आणि ट्रॅक्टर चालतच राहिला, तर चालकाचा पाय पेडलावर पुनःपुन्हा आपटत राहतो व तेवढ्यात बांध किंवा माणूस समोर येतो. अशा वेळी पेडलाचा नाद सोडून वेग कमी करावा, स्टॉपर ओढून डिझेल बंद करावे आणि दोन्ही ब्रेक एकदम दाबावेत. रस्त्यावर धावताना दोन्ही ब्रेक पेडले कडीने जोडलेली असावीत, हा नियम याच प्रसंगासाठी आहे. शेतात वळण घेताना सोडलेली कडी रस्त्यावर येताना पुन्हा लावण्याचा आळस अनेकांना महागात पडला आहे.

याच्या उलट, क्लचमधून शक्ती जाणेच थांबले असेल तर धोका वेगळ्या प्रकारचा असतो आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून उभा केला म्हणजे तो उतारावर घरंगळणार नाही अशी सर्वांची समजूत असते. परंतु गिअरमधील ट्रॅक्टरला इंजिन धरून ठेवते ते क्लचच्याच मार्फत. प्लेटचा तुंबा तुटला असेल किंवा प्लेट पूर्ण सरकत असेल, तर पहिल्या गिअरमध्ये ठेवलेला ट्रॅक्टरही मोकळाच असतो. मागे उसाने भरलेली ट्रॉली असेल आणि घाटाचा चढ असेल, तर चाकांमागे मोठे दगड लावल्याशिवाय चालकाने आसन सोडू नये, आणि ते लावण्याचे काम दुसऱ्याने बाजूने करावे. ट्रॉलीच्या मागे उभे राहून नव्हे.

पेडल काय सांगते

तपासणीचा आरंभ पेडलापासून करावा, तोही इंजिन बंद असताना आणि शक्यतो हाताने. पेडलाला सुरुवातीस थोडी मोकळी चाल असते; बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत ती २० ते २५ मिलिमीटरच्या आसपास असते व नेमका आकडा त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. त्यानंतर स्प्रिंगांचा जोर हाताला लागला पाहिजे.

पेडल कसलाही विरोध न करता सरळ खाली गेले, तर दोष बाह्य साखळीत असण्याचा संभव सर्वांत अधिक. रॉडच्या टोकाची स्प्लिट पिन गळून पडते, तिच्यामागोमाग जोडपिन निसटते आणि पेडल व क्लच यांचा संबंध संपतो. ही पिन काही रुपयांत मिळते. तिच्या जागी पूर्वी कोणी खिळा किंवा तार अडकवून वेळ मारून नेली असेल, तर आजचा ‘एकाएकी’ झालेला बिघाड वास्तविक त्याच दिवशी ठरलेला असतो. रॉड जागेवर असेल तर त्याचे आटे घसरले आहेत काय, चिमटा फाकला आहे काय, आडव्या शाफ्टाचे बुश झिजून तो आपल्या जागेत हेलकावे खातो काय, हे पाहावे.

सर्व बाहेरून ठीक दिसत असेल, तर खडूचा एक तुकडा पुरेसा आहे. आडव्या शाफ्टाचे टोक आणि त्यावर बसविलेली तरफ या दोहोंवरून मिळून खडूची एक सरळ रेघ ओढावी व दुसऱ्यास पेडल दाबावयास सांगावे. रेघ तुटली, म्हणजे तरफ फिरली पण शाफ्ट जागीच राहिला, तर तेथील चावी किंवा आवळणारा बोल्ट निकामी झाला आहे. हा दोष बाहेरच दुरुस्त होतो. रेघ अखंड राहून शाफ्ट फिरतो, तरीही हाताला जोर लागत नाही, असे असेल तर फोर्क आतल्या आत शाफ्टावरून सुटला असावा किंवा रिलीज बेअरिंगचा चुरा झाला असावा. ज्या ट्रॅक्टरांत शाफ्टाची दोन्ही टोके घराबाहेर येतात, तेथे एक टोक फिरते व दुसरे फिरत नाही असे दिसल्यास शाफ्टच मध्ये तुटला आहे, हे निश्चित झाले.

पेडल दाबताच घरघर किंवा किंचाळल्यासारखा आवाज येत असे व तो अलीकडे वाढला होता, असे चालकाने सांगितले तर रिलीज बेअरिंगवरचा संशय दृढ होतो. त्याचे मूळ बहुतेक वेळा पेडलावर सतत पाय ठेवून ट्रॅक्टर चालविण्याच्या सवयीत असते. त्या सवयीने बेअरिंग अखंड फिंगरांवर घासत राहते, तापते, त्यातील ग्रीस जळते आणि एके दिवशी ते फुटते. मालकाने मोकळी चाल मोजली आणि ती अजिबात नाही असे आढळले, तर चालकाचा पाय पेडलावर नसतानाही हेच घडते. लायनिंग झिजेल तशी मोकळी चाल कमी होत जाते, म्हणून ती अधूनमधून पुन्हा मोजावी लागते. क्लच नीट सुटत नाही म्हणून रॉड आवळत जाणे आणि मोकळी चाल संपवून टाकणे, ही आपल्याकडील सर्वांत प्रचलित चूक होय. तिच्यामुळे पहिला दोष दोन दिवस झाकला जातो आणि दुसरा दोष जन्मास येतो.

गिअर पडत नाही

पेडलाला नेहमीचा जोर आहे, पण गिअर टाकताना दाते करकरतात किंवा गिअर पडला की पेडल दाबलेले असूनही ट्रॅक्टर पुढे सरकतो, अशी दुसरी तक्रार असते. येथे प्रथम इंजिन बंद करून गिअर टाकून पाहावा. इंजिन बंद असताना सर्व गिअर सुरळीत पडत असतील, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे व दोष क्लचचा आहे. इंजिन बंद असतानाही गिअर पडत नसेल, तर क्लचला हात लावण्याचे कारण नाही. गिअर बदलण्याच्या दांड्याखालील यंत्रणा तपासावी. एका मिनिटाच्या या परीक्षेने चुकीच्या दिशेने जाणारा खर्च वाचतो.

दोष क्लचचा ठरला, तर ट्रॅक्टर त्याआधी किती दिवस उभा होता हे विचारावे. पावसाळाभर उघड्यावर उभा असलेला, किंवा भात खाचरात चिखलणी करून न सुकविता ठेवलेला ट्रॅक्टर पुढे चालू केला असता क्लच सुटत नाही, असा अनुभव कोकणात आणि पूर्व विदर्भात नवा नाही. क्लचच्या घरात ओलावा शिरतो, फ्लायव्हीलवर गंज चढतो आणि लायनिंग त्याला डिंकाने चिकटविल्याप्रमाणे घट्ट धरते. येथे कोणताही भाग तुटलेला नसतो.

अशी चिकटलेली प्लेट सोडविण्यासाठी पेडल पूर्ण दाबून लाकडी ठोकळ्याने तसेच अडकवून रात्रभर ठेवावे. पुष्कळदा सकाळी ती सुटलेली असते. न सुटल्यास ट्रॅक्टर मोकळ्या सपाट जागेत आणावा, अवजार व ट्रॉली सोडावी, पुढेमागे कोणी नाही याची खात्री करावी. मग वरचा गिअर टाकून, ब्रेक लॉक करून, स्टॉपर ओढलेला ठेवून व पेडल पूर्ण दाबून स्टार्टरला क्षणभर झटका द्यावा. इंजिन फिरू पाहते, चाके अडलेली असतात आणि त्या ताणाने प्लेट सुटते. दोन-तीन झटक्यांत यश आले नाही तर थांबावे. स्टार्टर जळाला तर खर्च वाढेल. गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरू नये अशी सुरक्षा-व्यवस्था ज्या ट्रॅक्टरात आहे, तेथे ही रीत वर्ज्य समजावी. ती व्यवस्था तारेने जोडून निकामी करण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो. आसनावर न बसता जमिनीवरून स्टार्टर फिरविताना चाकाखाली माणूस सापडण्याचे अपघात त्यातूनच होतात.

ट्रॅक्टर रोज चालत होता आणि तरीही क्लच अचानक सुटेनासा झाला, तर चिकटण्याचा प्रश्न येत नाही. अशा वेळी तीन फिंगरांपैकी एक तुटली असेल किंवा तिची पिन निघाली असेल. मग प्रेशर प्लेट तिरपी उचलली जाते व एका बाजूने प्लेट धरूनच ठेवते. लायनिंगचा तुकडा निघून पाचरीसारखा अडकला असेल, किंवा तुंब्याभोवतीची एखादी स्प्रिंग तुटून मध्ये सापडली असेल. आणखी एक कारण फ्लायव्हीलच्या मध्यभागी असलेल्या लहानशा पायलट बेअरिंगमध्ये दडलेले असते. ते जाम झाले की क्लच पूर्ण सुटूनही गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतच राहतो. गिअर टाकलेला असताना पेडल दाबले की जो आवाज येतो आणि पेडल सोडले की थांबतो, तो पुष्कळदा या बेअरिंगचा असतो.

इंजिन चालते, ट्रॅक्टर हलत नाही

तिसरी तक्रार सर्वांत घाबरविणारी, परंतु निदानास त्या मानाने सोपी. प्रथम हाय-लोचा दांडा पाहावा. तो हादऱ्यांनी मधोमध, म्हणजे न्यूट्रलमध्ये आला असेल तर कोणताही गिअर टाकला तरी ट्रॅक्टर हलणार नाही. हे सांगणे पोरकट वाटेल. परंतु त्यासाठी मिस्त्रीला दहा मैलांवरून बोलावल्याच्या हकिगती गावोगाव ऐकावयास मिळतात.

त्यानंतर इंजिनाचा आवाज ऐकावा. गिअर टाकून पेडल सोडल्यावर इंजिन थोडेही दबले आणि जळका वास आला, तर प्लेट सरकत आहे. खात्रीसाठी सपाट जागी ब्रेक लॉक करून, वरचा गिअर टाकून, इंजिन मध्यम वेगात ठेवून पेडल सावकाश सोडावे. चांगल्या क्लचने इंजिन दबून बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले तर क्लच सरकतो आहे. ही परीक्षा एकदाच व दोन-चार सेकंदच करावी, कारण तेवढ्या वेळातही लायनिंग भाजते. एकाएकी सरकू लागलेल्या क्लचमध्ये तेल शिरले असण्याचा संशय घ्यावा.

इंजिन जराही न दबता न्यूट्रलप्रमाणे मोकळे फिरत राहिले, तर मात्र साखळी कोठेतरी पूर्ण तुटली आहे. येथे दुहेरी क्लचची साक्ष काढावी. पीटीओ जोडून पाहावा. तो फिरत असेल आणि चाके हलत नसतील, तर फ्लायव्हील, क्लचचे कव्हर आणि पीटीओची प्लेट यांचे काम चालू आहे. तुटले आहे ते मुख्य प्लेटकडे किंवा तिच्यापुढे. मॅसी फर्ग्युसन पद्धतीच्या जुन्या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंपही पीटीओच्याच मार्गाने फिरतो. त्यामुळे लिफ्ट उचलते की नाही, हेही तेच उत्तर देते.

परंतु तुटलेला भाग क्लचच असेल असे नाही. मागील एका चाकाकडे जाणारा अर्धा आस तुटला, तर डिफरेन्शियल सर्व शक्ती त्या तुटक्या, म्हणजे विरोध नसलेल्या बाजूस सोडून देते आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. ज्या ट्रॅक्टरला डिफरेन्शियल लॉक आहे, त्याचा लॉक दाबून सरळ रेषेत, सपाटीवर, हळूच चालवून पाहावे. तेवढ्याने ट्रॅक्टर हलला तर क्लच निर्दोष असून दोष मागील आसात आहे. क्लचसाठी मधोमध खोललेला ट्रॅक्टर पुन्हा जोडून नंतर मागून खोलावा लागणे, याहून वाईट दुरुस्ती नाही.

खालचे भोक आणि बाजूची खिडकी

क्लचच्या घराच्या तळाशी एक लहान भोक असते व त्यात बहुधा सैल स्प्लिट पिन लोंबत असते. ती हादऱ्यांनी हलत राहावी आणि भोक मातीने बुजू नये, एवढ्यासाठीच तिची योजना आहे. या भोकातून थेंब गळत असतील तर ते बोटावर घेऊन पाहावेत. काळे तेल असेल तर ते इंजिनाच्या मागील सीलमधून येते. उजळ व दाट तेल असेल तर गिअरबॉक्सच्या पुढील सीलमधून. भोक चिखलाने बुजले असेल तर तेल घरातच साचते आणि प्लेट भिजते. चिखलणीच्या वेळी पाणी आत जाऊ नये म्हणून भोकात बूच मारले असेल, तर काम संपताच ते काढावयास हवे. तेलाने भिजलेले लायनिंग डिझेलने धुऊन पुन्हा वापरता येते ही समजूत खरी नाही. आत मुरलेले तेल उष्णतेने पुन्हा वर येते. प्लेट बदलण्याबरोबर सील बदलले नाही, तर नव्या प्लेटचीही तीच गत होते.

अनेक ट्रॅक्टरांत घराच्या बाजूला किंवा खाली दोन-चार बोल्टांचे झाकण असते. ते उघडून विजेरीच्या उजेडात आत पाहावे, आणि दुसऱ्याने गिअर न्यूट्रलमध्ये व डिझेल बंद ठेवून इंजिन हाताने थोडे थोडे फिरवावे. तिन्ही फिंगर एकामागून एक समोर येतात. त्यांची टोके एका पातळीत आहेत काय, बेअरिंग शाबूत आहे काय, तळाशी स्प्रिंगचे तुकडे, रिव्हेट किंवा लायनिंगच्या खपल्या पडल्या आहेत काय, हे या खिडकीतून कळते. अर्ध्या तासाच्या या पाहणीनंतरच खोलण्याचा निर्णय घ्यावा.

खोलावे लागले तर

ट्रॅक्टरचे दोन भाग करणे हे झाडाखाली, विटांच्या रासेवर टेकू देऊन करण्याचे काम नव्हे. पुढचा आस मध्यभागी एका पिनेवर झुलता असतो. मागील भाग अलग होताच इंजिनाचा अर्धा भाग कोणत्याही बाजूस कलंडू शकतो. म्हणून आस आणि त्याचा आधार यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकणे अनिवार्य आहे. दोन्ही अर्ध्या भागांखाली पोलादी घोड्या असाव्यात. केवळ जॅकवर भार ठेवू नये.

घर उघडल्यावर आतील धूळ हवेच्या नळीने उडविण्याची प्रथा सर्वत्र आहे आणि ती सोडावयास हवी. जुन्या क्लच प्लेटच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरीत असत. त्याची डोळ्यांना न दिसणारी तंतुमय धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते व अनेक वर्षांनी फुप्फुसे निकामी करणारे विकार आणि कर्करोगही उद्भवतात. ओल्या फडक्याने धूळ पुसून घ्यावी आणि फडके जाळू नये, पिशवीत बांधून टाकावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ट्रॅक्टर मेकॅनिकच्या वर्गांत ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली जावी एवढी महत्त्वाची आहे.

एकदा ट्रॅक्टर खोलला की प्लेटबरोबर रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंगही बदलून घेणे शहाणपणाचे ठरते. मजुरीपुढे त्यांची किंमत किरकोळ असते. फ्लायव्हीलच्या पृष्ठावर निळसर डाग किंवा बारीक तडे असतील तर तो भाग घासून घ्यावा लागतो. नवी प्लेट मध्यभागी अचूक बसविण्यासाठी जुन्या शाफ्टाचा तुकडा मार्गदर्शक म्हणून वापरतात, आणि फिंगरांची उंची गेजने मोजून सारखी करतात. अंदाजाने, डोळ्याने जुळविलेल्या फिंगर हे नवा क्लच महिन्याभरात पुन्हा करकरण्याचे नेहमीचे कारण आहे.

बिल मंजूर करणाऱ्याने काढलेले जुने भाग परत मागावेत. जुनी प्लेट बरेच काही सांगते. लायनिंग सर्वत्र सारखे झिजून रिव्हेट उघडे पडले असतील, तर ती नैसर्गिक झीज होय व त्यात कोणाचा दोष नाही. प्लेट तेलकट असेल तर बिलात सीलची किंमत दिसली पाहिजे. ती नसेल तर काम अपुरे झाले आहे. तुंबा फाटला असेल, स्प्रिंगा तुटल्या असतील, तर भरलेल्या ट्रॉलीसह पेडल धाडकन सोडण्याची सवय चालकास असावी किंवा ट्रॉलीत क्षमतेबाहेर भार असावा. लायनिंग करपून काचेसारखे गुळगुळीत झाले असेल, तर अर्ध्या क्लचवर ओढण्याची सवय. आणि प्लेट जवळजवळ नवी, फिंगर सारख्या, बेअरिंग गुळगुळीत फिरणारे असे असेल, तर ट्रॅक्टर कशासाठी खोलला हे विचारण्याचा अधिकार सदस्यांना आहेच.

नवा क्लच बसल्यावर पहिले काही दिवस जड ओढ टाळावी. लायनिंग जागेवर बसेपर्यंत मोकळी चाल लवकर बदलते, म्हणून ती थोड्या तासांच्या कामानंतर पुन्हा मोजून रॉड जुळवावा. पुढे पावसाळ्यात ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा ठेवावयाचा असेल, तर तो छपराखाली, चिखल धुऊन व कोरडा करून ठेवावा, तळाचे भोक मोकळे असल्याचे पाहावे आणि क्लचचे पेडल दाबून त्यावर लाकडी ठोकळा अडकवून ठेवावा. त्यासाठी काही ट्रॅक्टरांना पेडलाशेजारी कडीच दिलेली असते. ठोकळा लावल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवावी, म्हणजे पुढच्या चालकाला ती आधी दिसेल.